पावसाळी दुपारचा ‘रेनकोट’

पावसाची झड लागली की बाजारपेठेत गिऱ्हाईक फिरकत नाही. दुकाने लवकर बंद होतात आणि घरातील सारी मंडळी क्वचितच लाभणाऱ्या निवांतपणे एकत्र बसतात. अशा वेळी ऋतुपर्ण घोष यांचा २००४ मधील ‘रेनकोट’ हा हिंदी चित्रपट अवश्य पाहावा. अजय देवगण आणि ऐश्वर्या राय यांच्यासारखे कलावंत असूनही, राष्ट्रीय पुरस्कार लाभूनही, त्याची आठवण आज फारशी कोणी काढत नाही.

भागलपूरच्या ज्यूट गिरणीतील नोकरी गमावलेला मनोज नव्या धंद्याच्या भांडवलासाठी कोलकात्यातील जुन्या मित्रांपुढे हात पसरतो. भर पावसात, मित्राचा रेनकोट घालून, तो नीरूला भेटायला जातो. एकेकाळी तिच्याशी विवाह व्हावा अशी त्याची इच्छा होती. ती मात्र श्रीमंत घरी पडली. खिडक्या बंद, खोलीत अंधार, जुन्या सामानाची दाटी. तेथे बसून तो आपल्या भरभराटीच्या गोष्टी रचतो, आणि तीही आपल्या वैभवाच्या. खाणे आणण्यासाठी ती त्याचाच रेनकोट घेऊन बाहेर पडते. तेवढ्यात थकलेले भाडे मागायला घरमालक येतो. मनोजच्या खिशात मागून आणलेले पैसे असतात.

बुडालेली पत झाकताना माणसाची काय अवस्था होते, हे पेढीवर बसणाऱ्यास वेगळे सांगावे लागत नाही. चित्रपट संथ आहे; प्रारंभीचा भाग तर बराच रेंगाळतो. ओ. हेन्री यांच्या एका प्रसिद्ध कथेचा आधार त्याला आहे. कोणती, हे आधी शोधू नये. रेनकोटच्या खिशावर मात्र लक्ष ठेवावे.