पत्र्यावरचा नंबर

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत सायन्स शिकवतो. घराणं कोकणातल्या खलाशांचं. दादाजान जहाजावर होते. त्यांच्या थोरल्या भावाचं जहाज दुसऱ्या महायुद्धात बुडालं. मय्यत तर सोडाच, सदऱ्याचं बटनही घरी आलं नाही. त्यांची बायको, आमची मोठी दादी, मरेपर्यंत पडवीत बसून वाटेकडे बघायची. गायबाना नमाजही तिनं पढू दिली नाही.

म्हणून फ्रान्समधल्या माँ ब्लांच्या बर्फातून निघणाऱ्या विमानाच्या तुकड्यांबद्दल वाचलं, की आमचं मन तिथं अडकतं. त्या डोंगरावर एअर इंडियाची दोन विमानं आदळली. ३ नोव्हेंबर १९५० ला ‘मलबार प्रिन्सेस’. ४८ जण, बहुतेक विलायतेत जहाजावर रुजू व्हायला निघालेले खलाशी. २४ जानेवारी १९६६ ला ‘कांचनजंगा’. ११७ जण, त्यात डॉ. होमी भाभा. जागाही जवळपास तीच. बोसाँची हिमनदी ते सगळं हळूहळू खाली आणते.

आता सापडलेला तुकडा कोणत्या विमानाचा? ‘व्हीटी’ अक्षरं दिसली तर विमान भारतीय, एवढंच कळतं. इथं दोन्ही भारतीयच! मग यंत्र बघायचं. पहिलं लॉकहीडचं, पिस्टन इंजिनांचं. दुसरं बोइंग ७०७, जेट. सिलिंडर मिळाला तर १९५० चा, टर्बाइनची पाती मिळाली तर १९६६ ची. नुसता पत्रा असेल तर त्यावर ठोकलेला पार्ट नंबर कारखान्याच्या नोंदींशी ताडायचा. कागदाचं काम सोपं. २०२० मध्ये वर्तमानपत्रं निघाली, त्यांत इंदिराजी पंतप्रधान होणार ही बातमी. सालाचा प्रश्नच मिटला.

हे सारं वर्गात फळ्यावर मांडलं. (बी.एड.ला ‘ज्ञाताकडून अज्ञाताकडे’ घोकलं होतं, ते कधी नव्हे ते कामाला आलं.) मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, लोहे पे तो नंबर था, खलाशियों पे क्या था?”

आम्ही म्हणालो, नली. खलाशाच्या नोकरीचं पुस्तक. नंबर, फोटो, अंगावरची खूण, सगळं त्यात. पण ते कागदाचं, आणि माणसाबरोबरच गेलेलं.

त्या संध्याकाळी मोठ्या दादीची पेटी उघडली. नवऱ्याचा एक फोटो निघाला. मागं शाईनं लिहिलेला नंबर. आमचा जीव धडधडायला लागला. अब्बांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, “हा मुंबईच्या फोटोवाल्याचा नंबर. माझ्या फोटोमागंही आहे.”

फोटो पुन्हा पेटीत ठेवला.