फेरफार झालेल्या ड्रमचे मोल

जुन्या लुडविग ड्रमची रास्त किंमत ठरविताना दृष्टी चकाकत्या आवरणावरून काढून आतल्या लाकडाकडे न्यावी, असे मला उत्तरोत्तर अधिक वाटू लागले आहे. १९६४ च्या फेब्रुवारीत बीटल्स अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर झळकले, रिंगो स्टारच्या ड्रमवरील ते नाव घरोघरी पोहोचले, आणि शिकागोच्या त्या कारखान्यातील मालास अशी मागणी आली की साठीच्या दशकातील अस्सल, अविकृत संच आज संग्राहकांचाच ऐवज ठरतो. म्हणूनच ज्याला ड्रम वाजवायचा आहे, त्याने फेरफार झालेल्याकडे निःसंकोच वळावे. मात्र सर्व फेरफार सारखे नव्हेत. बेस ड्रमला मागाहून पाडलेले छिद्र संग्राहकाला खुपते, नादाला फारसे बाधत नाही. पण ज्या कडेवर पडदा ताणला जातो ती कोणी अडाणी हाताने तासली असेल, तर सपाट फरशीवर कवच ठेवून आत दिवा लावताच कडेखालून प्रकाशाची रेघ फुटते, आणि दुरुस्तीची पुरी मजुरी मागितलेल्या किमतीतून वजा झालीच पाहिजे. नव्या आवरणाचा खर्च विक्रेत्याने किमतीत मिळविलेला मला मान्य नाही, कारण मूळ आवरण गेल्याने मोल घटलेलेच असते. काढून ठेवलेले मूळ सुटे भाग सोबत मिळत असतील, तर त्यांचे पैसे मात्र आनंदाने मोजावेत.