अंगातलं अस्तर

सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल जमिनीवर टेकलं की टाचेत सुई टोचल्यासारखी कळ येते का हो तुमच्या? दहा-वीस पावलं चाललं की जरा बरं वाटतं, चहा उकळेपर्यंत विसरायलाही होतं, आणि दुपारी घटकाभर बसून उठलं की पुन्हा तीच कळ? येत असेल तर मैत्रिणींनो, हा लेख तुमच्यासाठीच आहे. येत नसेल तरी वाचा. दुखणं टाचेचं असलं तरी गोष्ट सबंध अंगाची आहे.

मी शाळेत शिकवते. दिवसाचे पाच-पाच तास उभ्यानं काढायचे, शिवाय घरी ओट्यापुढचं उभं राहणं कुणाला चुकलंय? सत्तेचाळिसाव्या वर्षी डाव्या टाचेच्या दुखण्यानं डोकं वर काढलं. जिना उतरायचा तर कठडा धरून, एकेक पायरी. तिसऱ्या तासाला फळ्याशी उभं राहिलं की डोळ्यांत पाणी यायचं. घरात "आता पुरे कर ती नोकरी" अशी भाषा सुरू झाली. नोकरी सोडायची म्हणजे नुसता पगार सोडायचा नव्हता. बावीस वर्षं जिथं पाय रोवून उभी राहिले ती जागा सोडायची होती. त्या काळजीतच एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेले. त्यांनी काय करावं? टेबलावरचं एक संत्रं माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "सोला!"

साल काढली, आत पांढरा मऊ पापुद्रा. तोच पापुद्रा प्रत्येक फोडीभोवती. फोड उघडली तर आत रसाचे दाणे, आणि प्रत्येक दाण्याला स्वतःची पातळशी पिशवी. बाई म्हणाल्या, "यातला रस तेवढा काढून घेतला, तरी उरलेल्या पापुद्र्यांवरून संत्रं कसं होतं ते कळेल की नाही? आपलं अंगही तसंच आहे."

कातडीखाली, स्नायूंभोवती, स्नायूंच्या आत तंतूतंतूंभोवती, हाडांवर, नसांभोवती असं एक अखंड जाळं डोक्यापासून तळव्यापर्यंत पसरलेलं असतं. डॉक्टर त्याला फॅशिया म्हणतात, मराठी पुस्तकांत प्रावरणी असा शब्द आहे. मी आपली त्याला अस्तर म्हणते. ज्यांच्या घरी मटण होतं त्यांनी ते पाहिलेलं आहेच. निवडताना तुकड्यावरून जो पांढरट, चिवट पापुद्रा सुटतो तोच हा! शवविच्छेदन करणारे विद्यार्थी कित्येक वर्षं हा पापुद्रा कापून बाजूला टाकत, कारण त्यांना खालचे स्नायू बघायचे असत. या एकाच विषयावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली ती २००७ साली, अमेरिकेत बोस्टनला. आता तो पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून अभ्यासतात.

या अस्तराचं काम काय, ते वाचण्यापेक्षा करून बघा. खुर्चीत बसा, एक पाय दुसऱ्या मांडीवर घ्या आणि पायाचा अंगठा हातानं वर ओढा. तळव्याच्या मधोमध दोरीसारखं काहीतरी ताठ झालेलं बोटाला लागेल आणि पायाची कमान उचलली जाईल. टाचेपासून बोटांपर्यंत गेलेला हा पट्टा म्हणजे तळपायाचा फॅशिया. चालताना टाच उचलते, बोटं दुमडतात, तेव्हा हा पट्टा बोटांभोवती रहाटाच्या दोरासारखा गुंडाळला जातो आणि पाऊल कडक होऊन आपल्याला पुढे ढकलतं. हिक्स नावाच्या डॉक्टरांनी १९५४ साली हे मांडलं. आपली टाच दुखते ती बहुधा या पट्ट्याच्या टाचेकडच्या मुळाशी. चाळिशी-साठीच्या दरम्यान, तासन्‌तास उभ्यानं काम करणाऱ्यांना आणि वजन वाढलेल्यांना हे जास्त होतं.

आता दुसरा प्रयोग. तळहात टेबलावर ठेवा. मधलं बोट नुसतं उचलून टेबलावर आपटा. मग तेच बोट दुसऱ्या हातानं मागे ओढून सोडून द्या. दुसऱ्या वेळी टपली केवढी जोरात बसली! ताणलेल्या रबरासारखी ही शक्ती साठते आणि परत मिळते. जपानी संशोधकांनी चालणाऱ्या माणसाच्या पोटरीची सोनोग्राफी केली (२००१). त्यांना दिसलं की पाऊल टाकताना पोटरीच्या स्नायूचे तंतू फारसे लांब-आखूड होत नाहीत. त्यांना टाचेशी जोडणारी कंडरा ताणते आणि आखडते. कंडरा ही अस्तराचीच सख्खी बहीण. तेव्हा चालण्याचं श्रेय एकट्या स्नायूंना देऊन चालायचं नाही.

अस्तराचे थर एकमेकांवरून सरकतही असतात. मध्ये एक बुळबुळीत द्रव असतो. इटलीतल्या पाडुआ विद्यापीठातल्या कार्ला स्टेक्को यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा बराच अभ्यास केला आहे. हालचाल थांबली की हा द्रव घट्ट होतो आणि थर अडखळतात, असं त्यांचं म्हणणं. अमेरिकेत २०११ साली झालेल्या एका अभ्यासात जुनी कंबरदुखी असलेल्यांच्या कमरेतले थर इतरांपेक्षा सुमारे वीस टक्के कमी सरकताना आढळले. आता थर अडखळले म्हणून कंबर दुखली की कंबर दुखली म्हणून माणूस हलेनासा झाला, हे त्यावरून सांगता येत नाही. पण ब्लाउजचं अस्तर एका बाजूला ओढलं गेलं की वरचं कापड कितीही भारी असलं तरी नीट बसत नाही, हे आपल्याला कुणी सांगायला नको!

तुम्ही म्हणाल, मग हे अस्तर चोळून, दाबून मोकळं करून घ्यावं. बाजारात त्यासाठी रूळ आहेत, थरथरणारी यंत्रं आहेत, "फॅशिया मोकळा करून देतो" अशा जाहिराती आहेत. त्यानं बरं वाटतं, अंग तात्पुरतं सैल होतं, हे खरं. पण २००८ साली काही शास्त्रज्ञांनी गणित मांडून पाहिलं. तळपायाचा किंवा मांडीबाहेरचा जाड फॅशिया एक टक्का दाबायचा तरी माणसाच्या हाताला झेपणार नाही इतका जोर लागतो. म्हणजे चोळून तो लांब होत नाही. आराम वाटतो तो बहुधा मज्जातंतू शांत झाल्यामुळे. म्हणून महागड्या यंत्रावर पैसे घालण्याआधी दहादा विचार करा.

मग त्याला बदलतं काय? भार. हळू, बेताचा, पुनःपुन्हा दिलेला भार, आणि मध्ये विश्रांती. व्यायाम झाला की पुढचे दोन-तीन दिवस शरीर नवे तंतू विणत राहतं. म्हणून रोज घाम गाळण्यापेक्षा एक दिवसाआड बरं. फळ मात्र आठवड्यात मिळत नाही, महिने लागतात. लोणचं मुरायला वेळ देतो ना आपण? तसंच.

मला बाईंनी दिलेला व्यायाम असा. जिन्याच्या पायरीच्या कडेवर पुढचा पाय टेकून उभं राहायचं, टाच बाहेर. बोटांखाली जुना टॉवेल गुंडाळून ठेवायचा, म्हणजे बोटं वर राहून तो पट्टा ताणलेला राहतो. कठडा धरायचा. तीन सेकंद घेऊन टाच वर, दोन सेकंद थांबायचं, तीन सेकंद घेऊन खाली. असं बारा वेळा, थोडं थांबून पुन्हा, एकंदर तीन फेऱ्या. एका पायावर जमलं नाही तर आधी दोन्ही पायांवर. पुढे सोपं वाटू लागलं की पाठीवर पुस्तकांची सॅक. डेन्मार्कमध्ये अठ्ठेचाळीस रुग्णांवर हा व्यायाम करून पाहिला होता. तो अभ्यास २०१५ साली छापून आला. नुसता ताण देणाऱ्यांपेक्षा हा व्यायाम करणारे तीन महिन्यांनी जास्त बरे होते. वर्षअखेर मात्र दोन्ही गट सारखेच. म्हणजे ताण देणंही वाया जात नाही, वेळ तेवढा जास्त लागतो.

पहिला महिना मला काडीचा फरक वाटला नाही. दुसऱ्या महिन्यात सकाळची कळ सौम्य झाली. चौथ्या महिन्यात एकदा मधल्या सुट्टीत जिना उतरून खाली आले तेव्हा लक्षात आलं, कठडा धरलाच नव्हता. राजीनाम्याचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

पण हे सगळं फक्त टाचेसाठी नाही. तळवा, पोटरी, मांडीची मागची बाजू, कंबर, पाठ ही अस्तराची एक सलग साखळी आहे, असं शवविच्छेदनांत चांगलं दिसून आलेलं आहे. सूर्यनमस्कारात हात-पाय टेकून कंबर वर उचलतो तेव्हा हीच साखळी टाचेपासून ताणली जाते. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी हे नमस्कार आपल्या संस्थानातल्या शाळाशाळांत पोचवले. त्यांना यंत्र लागत नव्हतं, स्वतःच्या वजनाचं अंग पुरत होतं. आणि मंगळागौरीचे खेळ आठवा! फुगडीत एकमेकींना दिलेला झोक, झिम्म्यातल्या उड्या, कोंबड्यासारखं उकिडवं चालणं. वाकणं, वळणं, उसळणं, सगळं एका रात्रीत. फक्त वर्षातून एकदाच झालं तर अस्तराला ते पुरत नाही, एवढंच.

ब्राझीलमध्ये २००२ माणसांना एक साधी परीक्षा दिली होती. वयं एक्कावन्न ते ऐंशी. जमिनीवर बसा आणि उठा. हात, गुडघा टेकला की गुण कमी. २०१२ साली निष्कर्ष आले. ज्यांना अगदी कमी गुण होते, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांतले मृत्यू कितीतरी जास्त होते. यात ताकद, तोल, लवचिकपणा सगळंच आलं. एकट्या अस्तराची ती कमाई नव्हे. पण माझ्या एकोणऐंशी वर्षांच्या सासूबाई अजून मेथी निवडायला खालीच बसतात आणि एक हात गुडघ्यावर ठेवून उठतात. त्यांना कुणाला हाक मारावी लागत नाही. म्हातारपणात याहून मोठं धन कोणतं?

मधुमेह असेल, पायाला बधिरपणा असेल, टाच रात्रीही ठणकत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. गुडघे-कंबर फार दुखत असेल तर खाली बसण्याचा हट्ट नको. बाकीच्यांनी आज संध्याकाळी भाजी निवडायला खाली बसा, आणि उठताना हात कुठं टेकतो तेवढं बघा.