'गोपनीय' कुणासाठी?

गेल्या पावसाळ्यात एका रात्री दोन वाजता आमची सिस्टीम बंद पडली. ती सुरू करायला चार तास लागले आणि रिपोर्ट लिहायला दोन दिवस. काय बिघडलं, का बिघडलं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं, हे आमच्याकडे प्रत्येक बिघाडानंतर लिहावं लागतं. सेव्ह करताना शेवटी तीन पर्याय येतात: सर्वांसाठी, टीमपुरता, गोपनीय.

मी 'गोपनीय' निवडलं.

रिपोर्टमध्ये ना ग्राहकांचा डेटा होता, ना पासवर्ड. फक्त एक ओळ होती. बिघाडाच्या तीन आठवडे आधी एका ज्युनिअर मुलीने नेमक्या याच धोक्याबद्दल तिकीट काढलं होतं, आणि ते मी 'नंतर बघू' म्हणून बंद केलं होतं.

पुढे कधीतरी रेनॉल्ड्स खटल्याबद्दल वाचलं, तेव्हा ही ओळ पुन्हा डोळ्यांसमोर आली.

६ ऑक्टोबर १९४८. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या वेक्रॉस गावाजवळ हवाई दलाचं बी-२९ विमान कोसळलं. विमानात गुप्त इलेक्ट्रॉनिक उपकरणांची चाचणी चालू होती. १३ पैकी ९ जण गेले. त्यांत तीन सिव्हिलियन इंजिनीअर होते. त्यांच्या बायकांनी सरकारवर नुकसानभरपाईचा दावा लावला आणि अपघाताचा चौकशी अहवाल मागितला. सरकारने नकार दिला. 'आम्हाला दाखवू नका, पण निदान न्यायाधीशांना एकट्यात वाचू द्या,' हेही नाकारलं. खालच्या दोन्ही कोर्टांनी बायकांच्या बाजूने निकाल दिला. १९५३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन अशा मतांनी तो फिरवला. ज्या अहवालावरून सगळं भांडण होतं, तो एकाही न्यायाधीशाने उघडला नाही. 'राष्ट्रीय सुरक्षेचं गुपित' या सबबीला अमेरिकेत भक्कम आधार मिळाला तो याच निकालाने. आजही सरकारी वकील त्याचा दाखला देतात.

२००० साली, वडील गेले तेव्हा तान्ही असलेल्या एका मुलीला तो अहवाल इंटरनेटवर सापडला. शिक्का केव्हाच उठला होता. गुप्त उपकरणं कशी चालतात याबद्दल त्यात काही नव्हतं. इंजिनाला आग लागली होती, आणि आग टाळण्यासाठी उष्णतारोधक पत्रे बसवायचा आदेश असूनही त्या विमानात ते बसवलेले नव्हते, हे मात्र होतं. कुटुंबं पुन्हा कोर्टात गेली आणि पुन्हा हरली. विमानाची मोहीम आणि बी-२९ची रचना यांबद्दलची माहितीसुद्धा तेव्हा संवेदनशील मानता आली असती, त्यामुळे सरकारने कोर्टाची फसवणूक केली असं म्हणता येत नाही, असं २००५ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं.

तो युक्तिवाद मी दोनदा वाचला. अगदीच खोटा नाही तो. माझ्या रिपोर्टमध्येही सर्व्हरची नावं होती, विचारलं असतं तर मी तेच कारण दिलं असतं.

आपल्याकडे कोणत्या कागदावर 'गोपनीय' लिहायचं आणि कोणत्यावर 'अतिगोपनीय', हे १९२३ चा शासकीय गुपिते कायदा सांगत नाही. ते सरकारी सूचनांवरून ठरतं, आणि शिक्का मारतो तो कागद ज्याच्या टेबलावर आहे तोच. पण आपली कोर्टं याबाबतीत थोडी पुढे गेली. १९७५ च्या राज नारायण खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की गरज पडली तर न्यायाधीश कागद स्वतः वाचून ठरवू शकतात. माहिती अधिकाराच्या कायद्यात कलम ८(२) आलं: जनहित मोठं असेल तर गुपिते कायदा असूनही माहिती देता येते. १० एप्रिल २०१९ ला रफालच्या कागदपत्रांवर सरकारचा आक्षेप फेटाळताना कोर्टाने याच कलमाचा आधार घेतला. फेरविचार याचिका पुढे फेटाळल्या गेल्या, पण कागद वाचले गेले.

दिवाळीनंतर आमच्या दुसऱ्या एका टीमची सिस्टीम त्याच कारणाने बंद पडली. माझा रिपोर्ट त्यांना दिसतच नव्हता. रात्रभर ते तेच शोधत बसले जे मी लिहून ठेवलं होतं.

सकाळी मी सर्व्हरची नावं काढून रिपोर्ट 'सर्वांसाठी' केला. तिकिटाची ओळ तशीच ठेवली. त्या मुलीला मेसेज केला, 'तू सांगितलं होतंस, मी ऐकलं नाही. रिपोर्टमध्ये लिहिलंय, वाच.'

तिचं उत्तर आलं, 'मला माहीत होतं. मी वाट बघत होते.'