शिंप्याची पावती

माझ्या पाकिटाच्या आतल्या कप्प्यात शिंप्याची एक पावती आहे. पातळ गुलाबी कागद, वर १७ जानेवारी ही तारीख, खाली 'ब्लाउज २, अस्तरासह'. कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढा मोरपंखी कापडाचा तुकडा पिनेने टाचलेला. मागच्या बाजूला माझी मापं आणि एक सूचना: 'मागचा गळा आधीच्यापेक्षा अर्धा इंच वर'. ही सूचना माझीच असणार, कारण आधीच्या ब्लाउजचा गळा खाली झाल्याची कुरकूर मी घरात आठवडाभर करत होते. पण त्या सकाळी मी शिंप्याकडे गेल्याचं मला आठवत नाही. ते कापड कधी घेतलं, तेही नाही. ब्लाउज शिवून आले, अगदी अंगासरसे बसले, आणि घालताना दर वेळी वाटतं की आपण दुसऱ्या कुणाचे तरी कपडे घालतोय.

त्या दिवशी गीझर बंद पडला होता. बाहेरून आल्यावर मी थंड पाण्यानेच अंघोळ केली, असं हे सांगतात. न्हाणीघरातून बाहेर आले आणि विचारलं, "आज वार कोणता?" यांनी सांगितलं. दोन मिनिटांनी पुन्हा तेच. मग पुन्हा. तोच प्रश्न, त्याच सुरात, जणू पहिल्यांदाच विचारतेय. नातवंडांची नावं मला येत होती, कणीक मी नेहमीसारखी मळली, फक्त समोर घडणारं काही टिकत नव्हतं. साडेचारच्या सुमाराला हळूहळू उजाडलं. सकाळी आठ ते दुपारी साडेचार एवढा काळ माझ्याकडे नाही. अंधारसुद्धा नाही. पान फाटलेलं असतं तर निदान फाटल्याची कड दिसली असती.

मेंदूच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं: ट्रान्झियंट ग्लोबल अ‍ॅम्नेशिया. बहुधा पन्नाशीनंतर येतो, काही तास राहतो, चोवीस तासांच्या आत जातो, पुन्हा सहसा येत नाही. कधी थंड पाणी, कधी अतिश्रम, कधी मनाला बसलेला धक्का निमित्त होतो. नव्या आठवणी जिथे रुजतात त्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात एक-दोन दिवसांनी केलेल्या एमआरआयमध्ये बारीक ठिपके दिसू शकतात. "पण हे होतं कशामुळे?" मी विचारलं. ते भले गृहस्थ. म्हणाले, "निमित्त सांगता येतं, ताई. कारण अजून कुणालाच नीट सांगता येत नाही."

या वाक्यावर मला दोन रात्री झोप आली नाही. तिसऱ्या रात्री, अडीच-तीनच्या सुमाराला, मनात आलं: आदल्या संध्याकाळी जाऊबाई आल्या होत्या. पेढे घेऊन.

आमच्यात जुन्या घराच्या वाटणीवरून दोन वर्षं ताणलेलं आहे. त्या क्षणी मला सगळं लख्ख जुळल्यासारखं वाटलं. पेढा त्यांनी स्वतः माझ्या हातावर ठेवला होता. यांना मधुमेह म्हणून दिला नव्हता. म्हणजे फक्त मला! चौतीस वर्षं लेखा विभागात काढलेली मी बाई. दाभोलकरांच्या खुनानंतर पुण्यात निषेधाच्या मोर्चात चालले होते. २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला तेव्हा समाधानाने पेढेच वाटले होते. आणि त्या रात्री मी करणीपासून हातभर अंतरावर उभी होते. सकाळी उठल्यावर लाज वाटली. पण ती रात्र मी विसरू शकत नाही, आणि विसरूही नये. आठवणीत भोक पडलं की मन स्वस्थ बसत नाही. ते भोक कुणी पाडलं, हे विचारतं. 'कुणीच नाही' हे उत्तर त्याला सोसत नाही, कारण कुणीच नसेल तर ते उद्या पुन्हा पडू शकतं.

मी वाचायला लागले. स्मृतिभ्रंशाबद्दल वाचता वाचता माँट्रियलला पोहोचले, आणि तिथे माझं पाऊल अडलं.

कॅनडातल्या माँट्रियल शहरात, माउंट रॉयल टेकडीच्या उतारावर, एका जहाजमालकाचा जुना दगडी वाडा आहे. १९४० च्या दशकात त्यात मॅकगिल विद्यापीठाशी जोडलेलं मनोरुग्णालय सुरू झालं: अ‍ॅलन मेमोरियल इन्स्टिट्यूट. प्रमुख डॉ. यूएन कॅमेरॉन. हे कुणी कोपऱ्यातले वैदू नव्हते. अमेरिकेच्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेचे ते अध्यक्ष झाले, पुढे जागतिक संघटनेचेही. न्यूरेंबर्गच्या खटल्याच्या वेळी नाझी नेता रुडॉल्फ हेसची मानसिक तपासणी करणाऱ्यांत ते होते. त्यांची कल्पना अशी की आजारी मनाच्या सवयी आधी पार मोडून टाकायच्या आणि मग कोऱ्या झालेल्या मनावर नव्या लिहायच्या. मोडण्यासाठी औषधांनी दिवसेंदिवस, कधी आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवायचं, नेहमीच्या कितीतरी पट विजेचे झटके द्यायचे. लिहिण्यासाठी उशीखाली किंवा कानाशी स्पीकर लावून एकच वाक्य हजारो वेळा ऐकवायचं. या दुसऱ्या पद्धतीवर त्यांनी १९५६ साली निबंध लिहिला. चोरून नव्हे, नावानिशी, मान्यवर नियतकालिकात.

आलेली माणसं कोण होती? बाळंतपणानंतर उदास झालेल्या बाया. झोप न लागणारे, घाबरणारे, थकलेले लोक. १९६३ साली पाच मुलांची एक आई तिथे गेली, वय वर्षं सव्वीस. शंभरावर झटके आणि आठवड्यांमागून आठवड्यांची झोप भोगून ती बाहेर आली तेव्हा तिला नवरा ओळखू येत नव्हता, मुलं आपली आहेत हे कळत नव्हतं, मलमूत्राचं भानसुद्धा पुन्हा शिकवावं लागलं. आयुष्याची पहिली सव्वीस वर्षं तिच्याकडे परत आली नाहीत. माझी एक दुपार गेली तर मी पेढ्यावर संशय घेतला. तिचं बालपण, लग्न, पाचही बाळंतपणं गेली.

कॅमेरॉनच्या कामासाठी १९५७ पासून काही वर्षं एका संशोधन संस्थेकडून पैसे येत होते. ही संस्था म्हणजे अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याचा, सीआयएचा बुरखा होता. १९५३ च्या एप्रिलमध्ये अ‍ॅलन डलेस या तेव्हाच्या सीआयएप्रमुखांनी मंजूर केलेल्या 'एमकेअल्ट्रा' या योजनेतला हा एक भाग. अशा जवळजवळ दीडशे उपयोजना होत्या. कोरियाच्या युद्धात पकडलेले अमेरिकी सैनिक शत्रूची भाषा बोलू लागले, तेव्हा मन ताब्यात घेण्याची विद्या शत्रूला सापडली अशी भीती पसरली आणि तीच विद्या आपल्याकडेही हवी, असं ठरलं. कॅनडाच्या सरकारचाही पैसा कॅमेरॉनच्या कामात होता. रुग्णांना यातलं काही माहीत नव्हतं. संमतीचा प्रश्नच नव्हता.

आता मला ज्यासाठी हे सांगायचंय ते पुढे आहे. १९७३ साली सीआयएचे प्रमुख रिचर्ड हेल्म्स यांच्या आदेशाने एमकेअल्ट्राच्या फायली नष्ट केल्या गेल्या. रुग्णांच्या आठवणी पुसणाऱ्यांनी स्वतःची आठवणही पुसून टाकली. मग हे बाहेर आलं कसं? १९७७ साली माहितीच्या अधिकाराखाली आलेल्या मागणीमुळे शोधाशोध झाली, तेव्हा जुन्या दस्तऐवजांच्या कोठारात सात खोकी सापडली. ती अर्थसंकल्प आणि हिशेब शाखेची होती. बिलं, मंजुऱ्या, अदा केलेल्या रकमांच्या नोंदी. वेगळ्या शाखेकडे असल्यामुळे ती नष्ट करायची राहून गेली होती. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये सिनेटपुढे सुनावणी झाली ती या कागदांच्या जोरावर.

मी व्हाउचरं तपासण्यात आयुष्य घालवलं. 'कागद जपा, कधी लागेल सांगता येत नाही' असं हाताखालच्या मुलामुलींना सांगून सांगून माझं तोंड दुखायचं. त्या सात खोक्यांबद्दल वाचलं तेव्हा मी चष्मा काढून ठेवला आणि बराच वेळ नुसती बसून राहिले. कुणीतरी एका कारकुनाने नेमकी नोंद घातली होती, तारीख घातली होती, कागद खोक्यात नीट लावला होता. कशाचं बिल आहे हे त्याला ठाऊकही नसेल.

सगळं बाहेर आल्यावर व्हेल्मा ऑर्लिको या पूर्वीच्या रुग्ण आणि आणखी आठ जण सीआयएविरुद्ध न्यायालयात गेले. व्हेल्माबाईंचे यजमान डेव्हिड ऑर्लिको कॅनडाच्या संसदेत खासदार होते. खासदाराच्या बायकोचीही सुटका झालेली नव्हती. १९८८ साली तडजोड झाली, नऊ जणांत मिळून साडेसात लाख डॉलर. १९९२ साली कॅनडा सरकारने सत्त्याहत्तर जणांना प्रत्येकी एक लाख डॉलर दिले. पण ज्यांची पाटी 'पूर्ण' कोरी झाली नव्हती असं ठरलं, त्यांचे अर्ज फेटाळले. माँट्रियलची एक बाई अशी होती. अठराव्या वर्षी नर्सिंग शिकताना तिला तिथे पाठवलं गेलं होतं. पुढची कित्येक वर्षं आपण अशा का, आपलं मागचं आयुष्य आठवत का नाही, हे तिला कळलं नव्हतं. घरचे म्हणायचे, तू आहेसच तशी. १९९२ मध्ये वर्तमानपत्राच्या ठेल्यावर तिने भरपाईची बातमी वाचली, रुग्णालयातून स्वतःची फाइल मागवली आणि पन्नाशी उलटल्यावर स्वतःविषयी पहिल्यांदा वाचलं. २००४ साली न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. तिच्या घरात जागोजागी चिठ्ठ्या असत, सिगारेटच्या पाकिटावरसुद्धा, कारण मनात ठेवलेलं राहील याचा तिला भरवसा नव्हता.

एवढं करून मनावर ताबा मिळवण्याची विद्या काही सापडली नाही. ती योजना चालवणारेच अखेर त्या निष्कर्षाला आले. कॅमेरॉनच्या टेपांनी कुणाचं मन नव्याने लिहिलं गेलं नाही. पुसणं मात्र जमलं. त्यांच्या जागी आलेल्या डॉक्टरांनी हे उपचार थांबवले आणि जुन्या रुग्णांची तपासणी करवून घेतली, तेव्हा अनेकांच्या आठवणीतली महिन्यांची, काहींची तर वर्षांची पोकळी भरलेली नव्हती.

'कुणीतरी माझं मन चालवतंय' असं म्हणणाऱ्या बहुतेकांच्या बाबतीत ते खरं नसतं, हे मी जाणते. लंडनच्या बेडलॅम इस्पितळातला जेम्स टिली मॅथ्यूज हा चहाचा व्यापारी सांगायचा की शहराच्या पोटात दडलेली एक टोळी हवेवर चालणाऱ्या मागासारख्या यंत्रातून त्याच्या डोक्यात विचार सोडते. इस्पितळातल्या जॉन हॅस्लम यांनी १८१० मध्ये त्याच्यावर पुस्तक लिहिलं. यंत्र अर्थातच नव्हतं. पण हाच मॅथ्यूज फ्रान्समध्ये युद्ध टाळण्याच्या गुप्त वाटाघाटी करायला खरोखर गेला होता आणि तिथे खरोखर तुरुंगात पडला होता. त्याच्या भ्रमात खऱ्याचे तुकडे होते. तेव्हा मागाचं यंत्र होतं, मग वीज आली, रेडिओ आला, आता चिप आणि मोबाइलचे टॉवर आहेत. आपल्याकडे भानामती आहे, चहात घातलेली पूड आहे. आजार असेल तर औषध हवंच. पण 'भ्रम आहे' हे शब्द उच्चारले की ऐकणारा ऐकणं थांबवतो, आणि याचीच मला भीती वाटते. कारण मी ते पाहिलंय.

माझी आत्या. बालविधवा, आमच्या वाईच्या घरात राहायची. १९८२-८३ च्या सुमाराला तिचं विसरणं सुरू झालं. चूल पेटवून ठेवायची, तेच तेच विचारायची, रात्री उठून दार उघडायची. मग म्हणायला लागली, "हे लोक माझ्या दुधात काहीतरी घालतात. त्यानं माझं डोकं जातं." शेजारीपाजारी कुजबुजले, कुणी अंगारा आणला, वडील म्हणाले, वय झालं, भ्रमिष्ट झाली. आज असती तर आम्ही आधी तिचं बी-१२ तपासलं असतं, थायरॉइड तपासलं असतं.

आणि दुधात खरोखरच काहीतरी असायचं. डॉक्टरांनी झोपेची गोळी लिहून दिली होती. आत्या घेत नसे, म्हणून आई ती कुटून दुधात घालायची. त्यात दुष्टपणा नव्हता. दिवसभर राबून रात्री तीन-तीनदा उठायची, तिचाही जीव होता. त्या जातीच्या गोळ्यांनी आठवण आणखी विस्कटते, नवं टिकत नाही, हे मला आता माझ्या डॉक्टरांनी सांगितलं. आत्या आम्हाला तेच सांगत होती. घरात तिच्या आजाराचं अचूक निदान एकटीने तिनेच केलं होतं.

पेला तिच्या हातात मी द्यायचे, कारण माझ्यावर तिचा विश्वास होता. ती आधी वास घ्यायची. मग माझ्याकडे बघून विचारायची, "बाळ, घातलंय का गं काही?"

"नाही गं आत्या. वेलदोडा आहे."

मग ती प्यायची, डोळे मिटून, एका दमात. पितळेच्या पेल्याच्या तळाशी पांढरा कण चिकटून राहायचा. मोरीत नेऊन तो मी बोटाने खरवडायचे, राखेने पेला घासायचे आणि फडताळात पालथा घालून ठेवायचे.