चिमट्याचं बुश गेलं, बिल कुणी भरायचं?

मित्रहो, पोस्ट थोडी मोठी आहे. पण ज्यांच्याकडे टू-व्हीलर आहे आणि जे बायपास ते मार्केट यार्ड रस्त्यानं रोज जातात, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती. अर्धी पोस्ट गाडीच्या कामाची आहे, अर्धी रस्त्याची.

गेल्या पंधरवड्यात माझ्या शंभर सीसीच्या गाडीचं चिमटा बुश घरी, अंगणात बसून बदललं. हौस म्हणून नाही. गॅरेजला गेलो तर मिस्त्री म्हणाला, "साहेब, ठेवून जा, पण चार दिवस लागतील. समोर सात गाड्या उभ्या आहेत बघा, सगळ्यांचं एकतर चिमटा बुश नाहीतर कोनसेट." तालुक्याच्या बातमीदाराची गाडी चार दिवस उभी म्हणजे चार दिवसांची कमाई उभी. म्हटलं, बुशची जोडी दे, मी बघतो.

आधी बुश म्हणजे काय ते सांगतो. मागचं चाक ज्या लोखंडी फाट्यात बसतं त्याला आपल्याकडे चिमटा म्हणतात. हा चिमटा इंजिनाच्या मागे एका लांब बोल्टवर वर-खाली हलतो. त्या बोल्टच्या जागी दोन्ही टोकांना एकेक बुश असतं. लोखंडाची एक नळी बाहेर, एक आत आणि मध्ये घट्ट चिकटवलेलं रबर. चाक खड्ड्यात गेलं की ते रबर पीळ खातं आणि परत सरळ होतं. फाटलं की चिमटा आडवा हलायला लागतो. सरळ रस्त्यावर फार कळत नाही, वळणावर कळतं. आमच्या सौभाग्यवती मागे बसल्या होत्या, त्याच म्हणाल्या, "अहो, गाडी मागून कुणी ओढतंय का?" साठच्या स्पीडला, समोरून उसाची डबल ट्रॉली येत असताना मागचं चाक असं वळवळलं तर काय होईल ते सांगायला नको.

तपासायचं असं. गाडी डबल स्टँडवर लावा. मागचं चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवा आणि दुसऱ्या कुणाला तरी चिमट्याच्या बोल्टजवळ बोट ठेवायला सांगा. नुसतं चाक हलतंय आणि चिमटा जागेवर आहे, तर चाकाचं बेअरिंग गेलंय. चिमटाच हलतोय, तर बुश.

माझ्याकडे रिंग पाने, चार गोट्या, हातोडी, छिन्नी, आरीचं एक पातं आणि शेजारच्या फर्निचरवाल्या पोराचं ड्रिल एवढंच होतं. हार्डवेअरच्या दुकानातून १२ एमएमचा पूर्ण आट्यांचा रॉड, दोन नट आणि जाड वायसर आणले.

इंजिनाखाली लाकडी ओंडका लावला, म्हणजे गाडी कलत नाही. चेनकव्हर काढलं, चेनचं लॉक उघडलं, ब्रेकचा रॉड आणि ड्रमला धरणारी पट्टी सोडवली, चाक काढलं, शॉकअपचे खालचे बोल्ट काढले. चिमट्याचा मोठा बोल्ट गंजून बसलेला असतो, त्यावर आदल्या रात्रीच डिझेल सोडून ठेवलं होतं. बोल्टच्या आट्यांवर थेट हातोडी मारायची नाही. नट टोकापर्यंत ठेवून, मध्ये लाकूड धरून ठोकायचं. आटे गेले की काम वाढलं.

जुनं बुश अख्खं निघत नाही. ड्रिलनं रबराला भोकं पाडली, आतली नळी ओढून काढली. बाहेरची नळी राहते, ती आतून आरीच्या पात्यानं एका जागी कापली आणि छिन्नीनं आत दाबून बाहेर ठोकली. चिमट्याचं लोखंड कापलं जाणार नाही एवढं सांभाळायचं. काही जण रबर जाळतात, ते करू नका, धूर वाईट असतो. जागा पॉलिश पेपरनं साफ केली.

नवीन बुश हातोडीनं ठोकलं तर वाकडं जातं. म्हणून तो रॉड. चिमट्याच्या नळीतून रॉड आरपार घातला, दोन्ही टोकांना नवीन बुश, त्यावर बाहेरच्या नळीवर टेकेल असं वायसर, त्यावर नट. दोन पान्यांनी थोडं थोडं आवळत गेलं की दोन्ही बुशं सरळ आत जातात. बुशं रात्रभर फ्रीजरमध्ये आणि चिमटा दोन तास उन्हात ठेवला होता, त्यानं सोपं गेलं. रबराला ग्रीस लावायचं नाही, रबर फुगतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मोठा बोल्ट शेवटचा आवळताना गाडी स्टँडवरून खाली घ्या, वर माणूस बसवा, मग आवळा. चिमटा लोंबकळत असताना आवळला तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. माझ्याकडे टॉर्क पाना नाही, म्हणून त्या बोल्टची आवळण मिस्त्रीकडून तपासून घेतली. तुम्हीही घ्या.

रविवारचा अख्खा दिवस गेला. आता रस्त्याकडे येतो.

या गाडीची पहिली बुशं आठ वर्षं चालली. दुसरी जोडी चौदा महिन्यांत गेली. गाडी तीच, चालवणारा तोच, रोजचं अंतर जवळपास तेच. मध्ये बदललं काय, तर बायपास ते मार्केट यार्ड रस्ता 'नवीन' झाला आणि दुसऱ्या पावसाळ्यात फुटला. आपली काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. खालचा भराव नीट दाबला नाही आणि कडेला गटार दिलं नाही, की पाणी डांबराच्या भेगेतून खाली जातं आणि वरून ट्रॉलीची चाकं भराव पिळून बाहेर काढतात. मग मुरूम टाकून खड्डा बुजवतात. पुढच्या पावसात मुरूम वाहून जातो, खड्डा राहतो. त्यात गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार तो १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, म्हणजे ताशी २५ किलोमीटरनं धक्का न बसता ओलांडता येतो. आपल्याकडचा मी टेपनं मोजला. रुंदी पाऊण मीटर भरली.

या रस्त्याच्या टोकाला कामाचा फलक आहे. वाकलाय, पण वाचता येतो. त्यावर दोषदायित्व कालावधी लिहिलाय आणि तो अजून संपलेला नाही. म्हणजे या मुदतीत कामातल्या दोषानं रस्ता फुटला तर ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्त करायचा. नाही केला तर त्याची अनामत कार्यालयाकडे असते, त्यातून करून घ्यायचा. मग मुरूम कुणाच्या पैशानं पडतोय? गाडी घेताना रोड टॅक्स आपण भरतो, पेट्रोलमध्ये रस्त्यांसाठीचा उपकर आपणच भरतो, आणि वर बुश, शॉकअप, कोनसेट, टायर, कंबर हेही आपल्याच खिशातून. शेवटचा खर्च कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाही, म्हणून त्यावर कुणी बोलत नाही.

"पेपरात का नाही दिलं?" असं काही जण विचारतील. दिलं होतं. आतल्या पानावर चार ओळी आल्या, ठेकेदाराचा उल्लेख निघाला. वाढदिवसाच्या पानभर जाहिराती कुठून येतात ते तुम्हालाही माहीत आहे. त्या जाहिरातींवर माझंही कमिशन आहे, हेही लपवत नाही. पुढच्या दिवाळी अंकाला त्या जाहिराती मिळतील की नाही, ते या पोस्टनंतर कळेल.

कायदा काय म्हणतो ते माहीत असू द्या. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १९८-अ आलं. रस्त्याचं डिझाइन, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या सुरक्षा मानकांप्रमाणे केली नाही आणि त्यातून मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार अधिकारी यंत्रणा, ठेकेदार, सल्लागार यांना १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख आणि जखमींना दुखापतीनुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाईचे आदेश दिले. चांगलंच आहे. पण हे सगळं माणूस पडल्यानंतरचं. त्याच्या आधी चिमटा बुश जातं, तेव्हाच विचारायला हवं.

म्हणून मी माहिती अधिकारात अर्ज टाकलाय. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला. तीनच प्रश्न आहेत. दोषदायित्व कालावधी कधी संपतो? या काळात ठेकेदाराला दुरुस्तीच्या किती नोटिसा दिल्या, त्यांच्या प्रती द्या. मुरुमाचं बिल कुठल्या हेडखाली निघालं? शिवाय याच कायद्यात कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना मागण्याचा हक्क आहे, तोही मागितलाय. उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे. आलं तर इथं टाकीन, नाही आलं तर अपील करीन आणि तेही इथंच टाकीन.

तुम्ही एक करा. तुमच्या भागातल्या रस्त्याच्या फलकाचा फोटो आणि त्याच जागेच्या खड्ड्याचा फोटो, तारखेसह, कमेंटमध्ये टाका. एकट्याचा अर्ज फाईलखाली जातो, पन्नास अर्ज टेबलावर राहतात.

आणि ज्यांना बुश घरी बदलायचंय, त्यांनी माझ्याकडचा रॉड आणि वायसर न्यावेत. फक्त काम झालं की परत आणून द्या, रांगेत अजून दोघं आहेत.