आमचे उड्डाण

माणसाला उडता येत नाही, हे मी जिंतुरात वयाच्या नवव्या वर्षी सिद्ध केले. सुपरमॅनचे चित्र पाहून वडिलांचा पंचा गळ्याला बांधला, ओट्यावरून झेप घेतली आणि थेट शेणात उतरलो. वडील धावत आले आणि त्यांनी आधी पंचा तपासला!

म्हणूनच मालेगावच्या सुपरमॅनविषयी मला भारी जिव्हाळा. हॉलिवूडने १९७८ साली सुमारे साडेपाच कोटी डॉलर ओतून क्रिस्टोफर रीव्हला उडवले. आणि तोही बिचारा तारांनाच लटकला होता म्हणे. मालेगावच्या नासिर शेख यांनी यंत्रमागावर काम करणारा शफीक शेख निवडला, हिरव्या कापडापुढे आडवा टांगला आणि दोस्तांच्या मदतीने उडवला. फैजा अहमद खान यांच्या २००८ च्या माहितीपटात ती सगळी खटपट दिसते.

मी तो माहितीपट घरी लावला. शफीकची अंगकाठी पाहून सौ. म्हणाली, "अगं बाई, हा जगाला काय वाचवणार? ह्यालाच आधी दोन घास घाला कुणीतरी!"

मी म्हटले, "पुढे कॅन्सरने गेला गं तो."

ती गप्प झाली. जरा वेळाने हळूच म्हणाली, "पण उडाला हो! खरंच उडाला."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या उड्डाणात पंचा अगदी बरोबर होता. धरायला चार दोस्त तेवढे नव्हते.